२०२४ चे माझे आवडते इलेक्ट्रॉनिक अल्बम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहा-बारा जण जमतो आणि एक अल्बम पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐकतो. मध्ये बोलायचं नाही, एवढाच नियम. डिसेंबरात मी वर्षाची यादी सगळ्यांना पाठवली आणि तेव्हापासून तेच ते प्रश्न येतायत. काही ओळखीच्यांकडून, काही त्यांच्या पुण्याच्या मावशीकडून. एकदाच सविस्तर लिहून ठेवते. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त शुद्धलेखन सुधारलंय.

१. ताई, आधी यादी सांगा. बाकीचं नंतर वाचतो.

नाला सिनेफ्रोचा ‘एंडलेसनेस’, फ्लोटिंग पॉइंट्सचा ‘कॅस्केड’, फोर टेटचा ‘थ्री’, आरुषी जैनचा ‘डिलाइट’, जेमी एक्सएक्सचा ‘इन वेव्ह्ज’, कॅरिबूचा ‘हनी’ आणि जस्टिसचा ‘हायपरड्रामा’. पहिले दोन पक्के. उरलेल्या पाचांचा क्रम मी कुठल्या वारी बसले होते त्यावर ठरलाय, त्यावरून भांडू नका. ‘ब्रॅट’ कुठे आहे असं विचारणार असाल तर थेट १२ वर जा.

२. इलेक्ट्रॉनिक म्हणजे ते डीजेवालं ना? लग्नाच्या वरघोड्यात ट्रकवर लावतात ते?

नाही. ट्रकवर वाजतात ती बहुतेक सिनेमाची गाणी, खाली ठोका वाढवलेली. डीजे म्हणजे दुसऱ्यांच्या किंवा स्वतःच्या रेकॉर्डी एकीतून दुसरीत सलग वाजवत नेणारा माणूस. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे ज्याचा मूळ ध्वनीच विजेच्या उपकरणातून, म्हणजे सिंथेसायझर, ड्रम मशीन, सॅम्पलर, कॉम्प्युटर यांतून येतो ते. त्यात नाचायचं असतं तसं डोळे मिटून पडून ऐकायचंही असतं. ‘एंडलेसनेस’ वरघोड्यात लावलात तर घोडा झोपेल.

३. पण यात वाद्य कुठे आहे? माणूस नक्की करतो काय? बटण दाबलं की झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा अशा घरातून येतो जिथे पेटीशेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं खोकं ठेवलेलं असतं. आमच्याकडेही आहे. बाबा रियाजाला बसले की आधी त्याची कळ फिरवायचे, मग पट्टी लावायचे, मग गती कमी करायचे, मग पंचम की मध्यम ते ठरवायचे, आणि हे सगळं जमेपर्यंत चहा गार. त्या खोक्याला कुणी ‘वाद्य कुठे आहे’ विचारलं नाही.

सिंथेसायझरमध्ये होतं ते असं. ऑसिलेटर एक कच्चा, सपाट सूर देतो. फिल्टर त्यातला टोकदारपणा कमी-जास्त करतो. ओठ मिटून ‘म्’ म्हणा, मग सूर न बदलता हळूहळू ‘ऊ’ आणि ‘आ’ करत तोंड उघडा. सूर तोच, रंग बदलला. फिल्टर हेच करतो. तिसरी गोष्ट एन्व्हलप, म्हणजे आवाज कसा उगवतो आणि कसा विरतो. पेटीचा सूर भाता चालेपर्यंत टिकतो, तानपुऱ्याची तार छेडली की विरत जाते. सिंथेसायझरवर हा फरक तुम्ही हाताने ठरवता. आणि ठरवायला लागतं, कारण कुठलीच गोष्ट आपोआप बरी वाजत नाही. मी स्वतः एक स्वस्तातला घेऊन सहा महिने खटपट केली. मला जमलेला सर्वोत्तम आवाज मिक्सरमध्ये दाणे कुटल्यासारखा होता.

४. हे सगळं परदेशी खूळ. आपला काय संबंध?

आपल्याकडून अहमदाबाद सुमारे ११० किलोमीटर. तिथल्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या हातून ‘मूग’ कंपनीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी तिथे टेपवर काम केलं. मुंबईतही रेकॉर्डवर सिंथेसायझरचा आवाज दुर्मीळ होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या टेपा पुढे अनेक वर्षं पडून होत्या. ब्रिटिश कलाकार पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह बाहेर आला.

मग १९८२. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलंड कंपनीची तीन यंत्रं, म्हणजे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. ललित, तोडी, मालकंस, यमन वगैरे. रेकॉर्ड फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर लोकांनी कान टवकारले, कारण त्याच टीबी-३०३ वरून पुढे शिकागोत १९८७ साली ‘ॲसिड हाउस’ म्हणून जो आवाज गाजला, तो इथे पाच वर्षं आधीच वाजत होता. त्यांनी नवी शैली काढायची म्हणून काढली नव्हती. त्या यंत्रात सूर एकातून दुसऱ्यात घसरवता येतो, आणि मींड घ्यायची सवय असलेल्या माणसाने ती घसरगुंडी वापरली, इतकंच मला तरी दिसतं.

आपल्या गावात १८८६ साली सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. तेव्हा तर ते गाणं कागदावर लिहूनही दाखवत होते. नव्या गोष्टीला नाकं मुरडणारेही तेव्हापासूनच असणार.

५. मी कधीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

‘इन वेव्ह्ज’. जेमी एक्सएक्सचा हा दुसराच अल्बम. पहिला २०१५ चा, म्हणजे मध्ये नऊ वर्षं गेली. सप्टेंबरात आला. यात माणसांचे आवाज भरपूर आहेत, स्वीडनची रॉबिन आहे, त्याच्याच बँडमधले रोमी आणि ऑलिव्हर आहेत, त्यामुळे नवख्याला धरायला काहीतरी मिळतं. एक तुकडा बेलफास्टच्या ऊना डोहर्टी या नर्तिकेच्या बोलण्याभोवती बांधलाय. आमच्याकडे तो लागल्यावर पाठीमागे बसलेली दोन मुलं उठून उभी राहिली आणि माडीच्या फळ्या वाजायला लागल्या. नियमात ‘बोलायचं नाही’ असं होतं, नाचायचं नाही असं नव्हतं.

६. ‘एंडलेसनेस’ पहिला का? त्यात काही होतच नाही.

होतं, पण हळू. नाला सिनेफ्रो मूळची बेल्जियमची, वडिलांकडून कॅरिबियन बेटांची, राहते लंडनमध्ये. हार्प वाजवते आणि मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वापरायचा, सिंथेसायझर वाजवते. अल्बममध्ये दहा भाग आहेत आणि सगळ्यांचं नाव एकच, ‘कंटिन्युअम’, पुढे १ ते १०. सिंथेसायझरवर सुटे सूर एकामागून एक फिरत राहतात, ज्याला अर्पेजिओ म्हणतात, आणि तो फिरता धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी पुढे येतो, कधी मागे जातो. त्याच्यावर सॅक्सोफोन, तंतुवाद्यं, ड्रम येऊन जातात. सुमारे पाऊण तास.

माझ्या दृष्टीने हा तानपुरा आहे, फक्त चालणारा. एरवी तानपुरा स्थिर असतो आणि गाणारा हिंडतो. इथे खालची जमीनच पुढे सरकते. हे मला तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. पहिल्या दोन वेळांना मीही घड्याळ बघितलं होतं.

एक सूचना, अनुभवातून. शफल बंद करा. ऑक्टोबरच्या बैठकीत मी घाईत फोन जोडला, शफल चालूच राहिलं आणि पहिल्या भागानंतर थेट सातवा लागला. मला कळलंही नाही. कोपऱ्यात बसलेले, आयुष्यभर तबला वाजवलेले काका तेवढे म्हणाले, “मधलं पान फाटलंय गं.” त्यांनी तो अल्बम आधी कधी ऐकला नव्हता.

७. ‘कॅस्केड’मध्ये मला नुसता ठोकाच ऐकू येतो.

मग तुम्ही तो फोनच्या स्पीकरवर ऐकताय किंवा फक्त खालचंच ऐकताय. पहिल्या शक्यतेचं उत्तर १० मध्ये. दुसरीसाठी एक करा, ठोका सोडून द्या, तो कुठे जात नाही. वरची बारीक किणकिण धरा. एखादा आवाज निवडा आणि तो वाकतो कसा, पिळला जातो कसा, ते बघत राहा. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेफर्ड. २०२१ मध्ये फरोआ सँडर्स यांच्या सॅक्सोफोनला घेऊन ‘प्रॉमिसेस’ करणारा तोच. तो अल्बम इतका शांत होता की ‘कॅस्केड’ ऐकून आमच्यातल्या एकाने ‘हा दुसराच कोणीतरी’ अशी पैज लावली आणि सेव उसळीचे पैसे भरले.

त्याचं गाव मँचेस्टर, आणि काही तुकड्यांची नावं तिकडची आहेत. ‘की १०३’ हे तिथलं जुनं रेडिओ स्टेशन, ‘ॲफ्लेक्स पॅलेस’ हा तिथला छोट्या दुकानांचा बाजार. म्हणजे आपल्याकडे कोणी गाण्याला ‘मंगळ बाजार’ नाव द्यावं तसं. द्यायला हरकत नाही खरं तर.

८. यात सम असते का? ताल मोजायचा कसा?

असते, पण तिहाई घेऊन येत नाही. हाउस आणि टेक्नो या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक प्रकारांत मात्रा चार-चारच्या गटांत चालतात आणि बदल सहसा १६ किंवा ३२ मात्रांनी होतो. तीनताल मोजणाऱ्याला हे हातचं आहे. मिनिटाला १२८ ठोके असतील तर १६ मात्रांचं आवर्तन साडेसात सेकंदांत पुरं होतं, म्हणजे बऱ्यापैकी द्रुत. बोटांवर दोन आवर्तनं मोजा. तेहेतिसाव्या ठोक्यावर बहुतेक वेळा काहीतरी नवीन येतं किंवा आधीचं काहीतरी निघून जातं. ते ‘निघून जाणं’ हीच गंमत. ठोका काढून घेतात, तुम्ही मनात तो चालू ठेवता, आणि परत येतो तेव्हा तुम्ही बरोबर असता किंवा नसता. ‘थ्री’चा शेवटचा, आठ मिनिटांचा तुकडा यासाठी चांगला. त्यात ढोबळ ड्रम एका जागी बसलेत आणि आजूबाजूचं धुकं दाटत जातं.

९. ‘डिलाइट’ म्हणे बागेश्रीवर आहे. मग तो शास्त्रीय की इलेक्ट्रॉनिक?

इलेक्ट्रॉनिक. आरुषी जैन दिल्लीची, राहते न्यूयॉर्कमध्ये, मॉड्युलर सिंथेसायझर वाजवते आणि स्वतः गाते. आधीच्या, २०२१ च्या अल्बममध्ये तिने संध्याकाळचे राग घेतले होते. इथे बागेश्री हा आधार आहे, मांडणी नव्हे. आलापाची बढत, बंदिश, तान या क्रमाने काही होत नाही. तिचाच आवाज थरांवर थर चढत जातो आणि कुठला गाण्याचा, कुठला यंत्राचा हे काही वेळाने सांगता येत नाही.

वर ज्यांचा उल्लेख आला त्या काकांनी कोमल गांधार, कोमल निषाद ओळखले, मध्यमावर मान डोलावली आणि संपल्यावर म्हणाले, “बागेश्री आहे. पण बंदिश येईल, येईल म्हणून मी वाट बघत बसलो.” मी विचारलं, वाईट वाटलं का? तर म्हणाले, “नाही, वाट बघायला बरं वाटलं.” बागेश्री मुळात रात्र चढल्यावरचा, वाट बघणाऱ्याचाच राग मानतात, त्यामुळे मी ते कौतुक म्हणूनच धरलंय. दुपारी चारला लावू नका.

१०. फोनवर ऐकलं तर चालतं ना? भारी स्पीकर घ्यायला हवेत का?

फोनच्या स्पीकरवर चालत नाही. भारी स्पीकरची गरजही नाही. फोनचा स्पीकर नखाएवढा, त्याला साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं जमत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. ड्रम मशीनचा खालचा ठोका त्याच्याही सप्तकाहून जास्त खाली, ५० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे डग्गा काढून टाकून नुसत्या चाटीवर तबला ऐकण्यातला प्रकार झाला.

तारेचे साधे इअरफोन कानात नीट बसवले तर अर्ध्याहून जास्त काम होतं. घरात जुनी हाय-फाय पडली असेल तर ती पुसून काढा. आमचे स्पीकर बाबांचे, पंचवीस वर्षांचे. ‘कॅस्केड’ लावल्यावर शोकेसमधल्या दोन समया एकमेकींवर वाजायला लागल्या आणि सगळे तो आवाज रेकॉर्डिंगमधलाच समजून तल्लीन झाले. आता बैठकीआधी मी समयांच्या मध्ये ‘सकाळ’ची घडी ठेवते. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ढकलू नका, खालचे सूर गुरगुरतात. वीतभर पुढे ओढा, फुकटात फरक पडतो.

११. माझा मुलगा दिवसभर लॅपटॉपवर हेच करत बसतो. पुढे काय होणार?

कॅरिबू म्हणजे डॅन स्नेथ, गणितातला पीएचडी. फ्लोटिंग पॉइंट्सचा सॅम शेफर्ड मेंदूविज्ञानातला पीएचडी. हे उत्तर मुलाला दाखवू नका, त्याला पीएचडी करावी लागेल. तुमच्यापुरतं ठेवा.

१२. ‘ब्रॅट’ सगळीकडे गाजला. तुमच्या यादीत नाही म्हणजे काय?

चार्ली एक्ससीएक्सचा ‘ब्रॅट’ जूनमध्ये आला, त्या पोपटी मुखपृष्ठासकट वर्षभर सगळीकडे दिसला, कॉलिन्स कोशाने तो शब्द वर्षाचा शब्द म्हणून निवडला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीत डान्स-इलेक्ट्रॉनिक अल्बमचा पुरस्कारही त्याला मिळाला. तेव्हा तो इलेक्ट्रॉनिक नाही असं मी म्हणणार नाही. मला तो पॉप म्हणून आवडतो, गाडी चालवताना, अलकापुरीपासून फतेहगंजपर्यंत. पण तो गाण्यागाण्यांनी लक्षात राहतो, आणि माझी यादी सलग ऐकल्यावर काय उरतं त्यावर आहे. शिव्या बऱ्याच आहेत. आजी इंग्रजी समजणाऱ्या असतील तर दार लावून घ्या.

फ्रेड अगेनचा ‘टेन डेज’ का नाही, हेही लोक विचारतात. दोनदा ऐकला. गोड आहे. तिसऱ्यांदा लावावासा वाटला नाही.

१३. ‘हनी’त एआय वापरलंय असं वाचलं. मग तो अल्बम धरायचा का?

स्नेथने स्वतः गाऊन तो आवाज एआयने वेगळ्याच व्यक्तीचा वाटेल असा बदलून घेतलाय. त्याने ते लपवलं नाही. लोकांनी टीका केली आणि ती सगळीच बिनबुडाची नव्हती. खरी गायिका बोलावून तिला पैसे देता आले असते, हा मुद्दा माझ्याही गळ्याशी अडकतो. दुसऱ्याचा गळा चोरलेला नाही, हा त्याच्या बाजूचा मुद्दा. मी अल्बम यादीत ठेवला आणि दोन जागा खाली घेतला. हे तर्काला धरून नाही, मान्य. सुरुवातीची दोन गाणी ऐकून तुम्ही ठरवा.

१४. फोर टेटचा लताबाईंशी काय संबंध?

फोर टेट म्हणजे कीरन हेब्डन. त्याची आई भारतीय वंशाची. त्याच्या २०१५ च्या ‘मॉर्निंग/ईव्हनिंग’मध्ये दोनच तुकडे आहेत, प्रत्येकी सुमारे २० मिनिटांचे, आणि सकाळच्या भागात लता मंगेशकरांचा ‘सौतन’मधला आवाज सॅम्पल करून, म्हणजे मूळ रेकॉर्डमधून उचलून, वापरलाय. तो आवाज फिरून फिरून येत राहतो. लताबाईंवर कुणी हात टाकलेला आमच्याकडे खपत नाही, मीही कपाळाला आठ्या घालूनच बसले होते. चौथ्या मिनिटाला त्या उतरल्या. २०२४ च्या यादीतला त्याचा अल्बम ‘थ्री’, त्यात हे नाही. त्याबद्दल ८ पाहा.

१५. नवरात्रीत यावर गरबा करता येईल का?

गंमत म्हणून विचारलेलं नाही, चार जणांनी विचारलंय. दोन ताळीचं पाऊल आठ मात्रांवर, केरव्यावर बसतं, त्यामुळे चारच्या ठोक्यावर ते चालतं. ‘इन वेव्ह्ज’वर गच्चीत करून पाहिलंय, जमलं. हींच, म्हणजे गरब्यातला दुसरा ठेका, मात्र सहा मात्रांची, ती या यादीतल्या नाचाच्या तुकड्यांवर बसवायला गेलात तर तिसऱ्या टाळीला शेजारणीच्या पायावर पाय. ‘हायपरड्रामा’वर कोणी प्रयत्न करू नये. जस्टिसची जोडी मध्येच सगळं थांबवते आणि गोल विस्कटतो.

१६. विकत कुठे घ्यायचे? रेकॉर्ड घेऊ का?

स्ट्रीमिंगवर सगळे आहेत. कलाकाराच्या हातात जास्त पैसे जावेत असं वाटत असेल तर बँडकँप ही वेबसाइट. तिथे डिजिटल विक्रीत कंपनी साधारण १५ टक्के ठेवते, आणि ‘बँडकँप फ्रायडे’च्या दिवशी तेही सोडते. रेकॉर्ड घ्यायचीच असेल तर बडोद्यात एप्रिल-मेमध्ये मागवू नका. माझी एक कुरिअरवाल्याने भर दुपारी फाटकावर ठेवली. संध्याकाळी उघडली तर पापड. सुई त्यावर होडीसारखी वरखाली जाते.

१७. वाड्यात राहतो. रात्री किती मोठ्याने लावायचं?

कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. पण खालचे सूर भिंतीतून जातात, त्यामुळे तुम्हाला हळू वाटतं ते शेजारी उशीतून ऐकतो. रात्री इअरफोन. ‘डिलाइट’ला तसाही तोच बरा.

१८. २०२४ मध्ये पुन्हा निघालेली जुनी रेकॉर्ड यादीत चालते का?

नाही. जानेवारी ते डिसेंबरात पहिल्यांदा आलेलं, आणि पूर्ण अल्बम. सुटी गाणी, रिमिक्स, तासभराचे डीजे मिक्स नाहीत. ४ मधल्या टेपा याच कारणाने बाहेर.

१९. बैठकीला येऊ का? काही आणायचं का?

या. दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. फोन बंद, सायलेंट नव्हे. चपला जिन्याखाली. खाऊन या, पण सेव उसळ पार्सल आणू नका. मागच्या वेळी तर्रीचा वास पुढच्या रविवारपर्यंत माडीवर होता आणि जेमी एक्सएक्स लागला की अजून मला भूक लागते.